'ताबा सुटला' म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

डोंगराळ भागात ट्रॅक्टर उलटला की बातमीत ठरलेले वाक्य येते : 'चालकाचा ताबा सुटला.' तो कशामुळे सुटला, हे मात्र छापून येत नाही. जुन्या, सुक्या (तेलात न बुडणाऱ्या) ब्रेकच्या ट्रॅक्टरची कारणे बहुधा तीच ती असतात.

उतार लागला की डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. भरलेली ट्रॉली मागून रेटू लागते, आणि जुन्या गिअरबॉक्सला एकदा वेग आला की गिअर पुन्हा पडत नाही, नुसता करकरतो. घाबरून क्लच दाबला तरी तेच. इंजिनाचा अटकाव संपतो. ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतोच. हाच उतार चढताना जो गिअर लागला असता तो, नाहीतर त्याच्या खालचा, उतरण्याआधीच टाकावा आणि क्लचवरचा पाय काढावा.

शेतात आखूड वळण घेण्यासाठी डाव्या-उजव्या मागच्या चाकांच्या ब्रेकची दोन पेडल सुटी करतात. त्यांना जोडणारी पट्टी मग सुटीच राहते. उतारावर एकच पेडल दाबले गेले की ट्रॅक्टर गर्रकन त्या बाजूला फिरतो. शेताबाहेर पडताना पट्टी अडकवायला कितीसा वेळ लागतो?

आडव्या उताराचे गणित वेगळे. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे चार चाकांचा ट्रॅक्टर खरे तर तीन टेकूंवर उभा असतो. वरचे चाक दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले की तोल जातो. रिम उलटवून मागच्या चाकांतले अंतर वाढवावे, अवजार जमिनीलगत ठेवावे. ताल (उतारावरच्या शेताचा बांध) जितकी उंच, निदान तितके तिच्या कडेपासून लांब राहावे, पावसाळ्यात आणखी.

सर्वांत घातक म्हणजे रुतलेल्या चाकांना ओंडका बांधणे. चाक अडले की इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचे तोंडच उचलते. मागे उलटायला दीड सेकंद पुरतो. टोचन करताना, म्हणजे दुसरे वाहन ओढताना, साखळी टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली तरी हेच होते. ती खालच्या हुकालाच हवी. रुतलेला ट्रॅक्टर आधी रिव्हर्सने काढून पाहावा.

पुढच्या बातमीसाठी आपल्या वार्ताहरांनी एवढेच विचारावे : गिअर कुठला होता, पट्टी अडकवली होती का, साखळी कुठे बांधली होती?

— एक ट्रॅक्टर मेकॅनिक, भोर