आजीला तिचं लहानपण विचारा ना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला वंशवृक्ष मिळाला. मोठा करून एकेक नाव वाचलं. किती निगुतीने काढलाय! खापरपणजोबांच्याही मागे गेलात, कुठल्या भावाची शाखा कुठे थांबली तेही टिपलंत. तुमच्या अक्षरात ते सगळं बघून भरून आलं. मग आजीला शोधलं. ती आजोबांच्या चौकटीत खालच्या बाजूला सापडली, 'पत्नी' आणि पुढे नाव. जणू ती या घरात आली तिथूनच तिची सुरुवात. तिच्या आईचं नाव नाही, माहेरचं आडनावसुद्धा नाही.

जरा हिशेब करून बघा. आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, त्यामागे आठ, मग सोळा, मग बत्तीस. तुमचा वृक्ष त्या बत्तिसांतल्या एकाच्याच वाटेने वर चढतो. बाकीची एकतीस माणसंही तेवढीच आपली. शिवाय पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे जे बारीक भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्यात जो डीएनए असतो तो आईकडूनच येतो, मुलगा असो की मुलगी. म्हणजे बाबा, आजीचा, तिच्या आईचा, तिच्या आईच्याही आईचा तो वारसा तुमच्या अंगात आहे. माझ्यात मात्र आईकडचा आला. त्या बायकांची निदान नावं तरी आपल्याला ठाऊक हवीत, असं मला फार वाटतं. आणि ती सांगू शकेल असं आता एकच माणूस उरलंय.

मागे फोनवर आजी बोलता बोलता म्हणाली, "धाकटीला कडेवर घेऊनच मी पाढे म्हणायचे." मी विचारलं, कोण धाकटी? तर म्हणाली, "माझी बहीण गं. तापात गेली. कडेवर असली की माझी वेणी मुठीत घट्ट धरून ठेवायची, सोडायचीच नाही." तेवढ्यात तिच्या औषधाची वेळ झाली आणि फोन ठेवला. आई, ही बहीण आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हती ना? तिचं लग्न नाही, मूलबाळ नाही, फोटो असण्याचीही शक्यता कमीच. ती आता फक्त आजीला आठवते म्हणून आहे. बाबा, आजीच्या नावापासून वर जाणारी एक रेघ ओढा आणि तिच्या शेजारी धाकटीलाही जागा ठेवा.

बाबा, तुम्ही आजीबद्दल म्हणाल, "आई तीच गोष्ट दर वेळी वेगळी सांगते." सांगू दे. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच दाखवून दिलं होतं की आठवण कपाटातून जशीच्या तशी काढता येत नाही, माणूस ती दर वेळी नव्याने रचतो. तेव्हा दोन्ही लिहा, कधी सांगितलं ती तारीख घाला, आणि खरी कुठली यावरून तिला अडवू नका. गोळी घेतली की नाही हे ती विसरते, त्यावरून तिला जुनंही आठवत नसेल असं धरू नका. उतारवयात साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी सगळ्यात जास्त वर येतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

आई, विचारायचं काम तू कर. तुझ्यापाशी ती मोकळी होते. साल विचारलंस की ती गोंधळते. त्यापेक्षा तेव्हा तू केवढी होतीस, भाऊ झाला होता का, असं विचार. घराचं दार कुठल्या बाजूला होतं, रात्री कोण कुठे निजायचं, तिची आई कुणाला घाबरायची, रागावली की काय म्हणायची. एखाद्या ठिकाणी ती गप्प झाली तर तिथेच थांब. तिला नको असलेलं दुःख आपल्याला कागदावर नकोय.

फोन जवळ ठेवून आवाजही रेकॉर्ड करा, पंखा बंद करून. तिचं ते मधेच थांबणं, 'अगं बाई' म्हणणं लिहून येणार नाही. जुने फोटो दाखवलेत तर कोण कोण ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत मला, एक दादाला पाठवा. एकाच फोनमध्ये ठेवलेलं कधी जाईल सांगता येत नाही.

सुट्टी मिळाली की मी येणारच आहे, पण त्यासाठी थांबू नका. आज दुपारी तिची झोप झाली की एवढंच विचारा, धाकटीचं नाव काय होतं. कळलं की लगेच फोन करा. मी कामात असले तरी उचलेन.

तब्येतीला जपा.

तुमची,
लेक