लॉजच्या काउंटरवर पडलेले आधार

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात कुटुंबासह देवदर्शनासाठी कोल्हापूरला गेलो असता, ज्या लॉजवर उतरलो तेथील काउंटरवर आधीच्या पाहुण्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा उघडाच पडलेला होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र असा सारा तपशील येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येत होता. आमच्या कार्डांची छायाचित्रे तर व्यवस्थापकाने स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून घेतली. पत्नीने हरकत घेतल्यावर ‘पोलिसांचा नियम आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

पाहुण्यांची ओळख पटवून नोंद ठेवणे सुरक्षेसाठी आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ओळख पटवणे वेगळे आणि १२ अंकी क्रमांकासह प्रत कायमची बाळगणे वेगळे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून केवळ शेवटचे ४ अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ कोणालाही डाउनलोड करता येते, हे माझ्यासारख्या अनेकांना ठाऊकच नसते. प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर तारीख, लॉजचे नाव आणि प्रयोजन लिहून सही करावी.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आणि २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. आता पोलिसांनीच लॉजचालकांना लेखी सूचना देऊन या प्रती कुलपात ठेवण्यास, ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्यास आणि कर्मचाऱ्यांच्या मोबाइलमध्ये त्या न साठवण्यास सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सांगली