तेलकट चेहऱ्याची सनस्क्रीन काउंटरवर पारखता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पुरवण्यांतून ‘घराबाहेर पडताना सनस्क्रीन लावा’ हा सल्ला छापून येतो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. गोव्याच्या दमट हवेत, आणि त्यातही तेलकट त्वचेवर, कोणती सनस्क्रीन टिकेल हे ट्यूबवरच्या आकड्यावरून कळत नाही. दुकानात हाताच्या पाठीवर थेंबभर चोळून तर मुळीच कळत नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकलेले आणि या उत्पादनांशी रोजचा संबंध असलेले आम्ही दोघे ती घरच्या घरी पारखण्याची रीत येथे मांडत आहोत.

हाताच्या पाठीवरच्या चाचणीत तीन गोष्टी एकदम चुकतात. तेथे तैलग्रंथी विरळ असतात, तर कपाळ, नाक आणि हनुवटीवर त्या सर्वांत दाट असतात. दुकानात वातानुकूलन चालू असते. शिवाय घेतलेला थेंब खऱ्या मात्रेच्या आसपासही नसतो. एवढ्याशा थेंबाने कोणतेही क्रीम ‘अगदी हलके, चिकट नाही’ असेच वाटणार.

ट्यूबवरचा एसपीएफचा (सन प्रोटेक्शन फॅक्टर, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा) आकडाही चेहऱ्यावर मोजलेला नसतो. स्वयंसेवकांच्या पाठीवर, प्रयोगशाळेत, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या मात्रेने लावून तो काढतात. एसपीएफ ३० म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ३ टक्के आत येतात, ५० म्हणजे २ टक्के. कागदावर फरक एका टक्क्याचा आहे. पण बहुतेक लोक ठरलेल्या मात्रेच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात आणि मग संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याखाली येते. म्हणून ५० घ्यावी, तेवढी गुंजाईश हाताशी राहते. १०० च्या मागे मात्र तेलकट त्वचेच्या माणसाने लागू नये, कारण आकडा वाढवायचा तर बहुधा तेलही वाढते. ऑक्टिनोक्सेट, ऑक्टोक्रायलीन, होमोसॅलेट ही नेहमीची किरणरोधक द्रव्ये स्वतःच तेलासारखी पातळ असतात. ॲव्होबेन्झोन किंवा बेमोट्रिझिनॉल घनरूप असले, तरी ते विरघळवायला तेल लागतेच. ‘ऑइल-फ्री’ छापलेले क्रीम अर्ध्या तासात चकाकते ते यामुळे.

एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी या, त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांबद्दल सांगतो. काळपटपणा, वांग आणि सुरकुत्यांशी यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांचा संबंध अधिक आणि हे किरण गाडीच्या काचेतूनही आत येतात. त्यासाठी ट्यूबवर ‘पीए’ आणि त्यापुढची अधिकचिन्हे (+) पाहावीत. ही जपानी पद्धत आहे. तीन अधिकचिन्हे म्हणजे यूव्हीए संरक्षण ८ ते १६ पट, चार म्हणजे १६ पट किंवा जास्त. तीनपेक्षा कमी असेल तर ट्यूब परत ठेवावी. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड घातलेली, त्वचेच्या रंगाची सनस्क्रीन घ्यावी, कारण सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

आता मात्रा. चेहरा, कान आणि मानेचा पुढचा भाग मिळून साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरले, तर लागते १.२ ग्रॅम. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा म्हणजे जवळपास तेवढेच. पातळ जेल बोटावर ठरत नाही, ते चहाच्या चमच्याने पाव चमचा मोजावे. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब चाळीस-एक वेळा पुरते. रोज दोनदा लावली तर तीन आठवड्यांत संपायला हवी. चार महिने पुरली म्हणून कौतुक करणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा! आणि म्हणूनच महागडी ट्यूब पुरवून पुरवून लावण्यापेक्षा खिशाला परवडणारी पूर्ण मात्रेत लावलेली बरी.

पारख करायची ती कामाच्या साध्या दिवशी आणि शक्य तितक्या दमट हवेत. आदल्या दिवशी काहीही न लावता, तोंड धुतल्यावर तीन तासांनी कपाळावर, नाकावर आणि गालावर टिपकागदाचा किंवा पातळ टिश्यूचा वेगवेगळा तुकडा दहा सेकंद दाबून ठेवावा. कागद जितका पारदर्शक होतो तितके तुमचे स्वतःचे तेल. ही झाली तुलनेची पाटी. दुसऱ्या दिवशी सौम्य फेसवॉशने तोंड धुऊन, टॉवेलने टिपून, दहा मिनिटे थांबावे. खाली मॉइश्चरायझर, सीरम काही लावू नये. तेलकट त्वचेला आपल्या हवेत सनस्क्रीनखाली आणखी थर बहुधा लागत नाही, आणि लावला तर दोष कोणाचा हेच कळणार नाही. निम्मी मात्रा घेऊन ठिपके देत पसरावी, चोळू नये. दोन-तीन मिनिटांनी उरलेली निम्मी लावावी. सगळी एकदम लावली की ती बसत नाही, आणि माणूस चोळत राहतो. कान, पापण्यांच्या वरची हाडाची कड आणि केसांची रेघ नेहमी सुटते. दोन उत्पादनांची तुलना करायची तर उजव्या गालावर एक आणि डाव्या गालावर दुसरे, पण कपाळावर एकच.

वीस मिनिटांनी कागद पुन्हा दाबावा. एवढ्या वेळात त्वचेचे तेल फारसे बाहेर आलेले नसते. म्हणून कागद आत्ताच तेलकट झाला तर ते तेल सनस्क्रीनचे आहे, आणि ती तुमच्यासाठी नाही. पांढरी छटा ट्यूबलाइटखाली पाहू नये, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावी. नंतर वीस मिनिटे भरभर चालून यावे किंवा जिने चढावेत. घाम सुटल्यावर भुवईच्या खालून पांढरे ओघळ येतात का, डोळे चुरचुरतात का, हेल्मेटची पट्टी आणि कपाळ यांच्यामध्ये लेप गोळा होतो का, हे पाहण्यासारखे आहे. गोव्यात पुष्कळ लोक दुचाकीवर असतात, त्यांच्यासाठी हेल्मेटची कसोटी कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा उपयोगी. तीन तासांनी तिसरा कागद. तो पहिल्या दिवशीच्या पाटीइतकाच किंवा कमी तेलकट निघाला तर उत्पादन तेलकटपणाच्या कसोटीला उतरले.

बिघाड कुठे होतो हे कळले की पुढची ट्यूब निवडणे सोपे जाते. चेहऱ्यावर मळीसारख्या बारीक वळ्या सुटल्या तर बहुतेक वेळा कारण खालचा न वाळलेला थर असतो. डिंकासारखी द्रव्ये असलेल्या जेलवर सिलिकोनयुक्त सनस्क्रीन चोळली की दोन्ही थर एकमेकांना न धरता गुंडाळून निघतात. खालचा थर काढून टाकावा किंवा पूर्ण वाळू द्यावा. पांढरे ओघळ बहुधा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात. खनिज सनस्क्रीन चुरचुरणाऱ्या त्वचेला मानवते हे खरे, पण घाम सुटला की सावळ्या चेहऱ्यावर तिची लपवाछपवी चालत नाही. डोळे चुरचुरतात ते बहुधा घामाबरोबर वाहून आलेल्या ॲव्होबेन्झोनसारख्या द्रव्यांमुळे. डोळ्यांभोवती तेवढी झिंकची मेणयुक्त कांडी वापरली की प्रश्न सुटतो, कारण मेण घामाने सरकत नाही. ‘मॅट’ उत्पादनांत सिलिका, स्टार्च अशी तेल शोषणारी पूड असते. पहिले दोन तास चेहरा छान दिसतो, मग पूड भरते आणि कपाळ राखाडी पडते. अल्कोहोलयुक्त जेल सर्वांत लवकर वाळते. ट्रेटिनॉइन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवरची औषधे चालू असलेल्या चेहऱ्याला मात्र ते झोंबते.

मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना ऊन अधिक भाजते. त्यांनी केवळ सनस्क्रीनवर भिस्त ठेवू नये, टोपी आणि सावली आधी.

पुटकुळ्यांच्या बाबतीत घाई नको. खाज, लाली, सूज अशी ॲलर्जी दोन-तीन दिवसांत दिसते. म्हणून जबड्याखाली किंवा कानामागे तीन दिवस लावून पाहिल्याशिवाय चेहऱ्यावर जाऊ नये. छिद्रे तुंबून येणारे बारीक दाणे मात्र चार आठवड्यांपर्यंतचा वेळ घेतात. त्या काळात दुसरे कोणतेही नवे उत्पादन सुरू करू नये. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रे न तुंबवणारे) या शिक्क्यामागे सर्वांना बंधनकारक अशी एकच चाचणी नाही, तेव्हा तो आश्वासन म्हणून वाचावा, पुरावा म्हणून नव्हे. बऱ्याचदा दोष सनस्क्रीनचा नसतो, ती रात्री निघालेली नसते. पाण्याला टिकणारा सिलिकोनचा लेप एकदा साबण फिरवून जात नाही. आधी मायसेलर पाण्याने (मेकअप पुसण्याच्या सौम्य द्रवाने) किंवा धुतल्यावर निघून जाणाऱ्या क्लेन्झिंग ऑइलने पुसून मग फेसवॉश वापरावा. कपाळावर एकसारखे, खाजणारे दाणे आले तर ते मुरूम नसून बुरशीचे असू शकतात. दमट हवेत हे नवे नाही. तेथे क्रीम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख सल्ल्यांत कधी येत नाही. ॲव्होबेन्झोन लोहाशी संयोग पावते. आपल्या जांभ्या दगडाच्या प्रदेशात काही विहिरींच्या, बोअरवेलच्या पाण्यात लोह असते. अशा पाण्यात धुतल्यावर पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर गंजासारखे तांबूस डाग उमटतात, आणि ब्लीच घातले तर ते आणखी भडकतात. गणवेश पांढरा असेल तर मानेला ॲव्होबेन्झोन नसलेली सनस्क्रीन लावावी.

दर दोन तासांनी पुन्हा लावा, असे सांगितले जाते, पण तेलकट चेहऱ्यावर कसे ते कोणी सांगत नाही. आधी टिपकागदाने तेल-घाम दाबून टिपावा, पुसू नये. पुसले की लेपही जातो. मग निम्मी तरी मात्रा ठिपक्यांनी लावावी. एसपीएफवाली पावडर वरून झटकणे ही समजूत घालण्याची गोष्ट आहे, तेवढ्या पावडरीत मात्रा कधीच भरत नाही. समुद्रात उतरणाऱ्यांनी पाण्याला टिकणारीच घ्यावी, आणि पाण्यात गारवा वाटतो म्हणून गाफील राहू नये. अर्धा मीटर खोलीवरही अतिनील किरण वरच्याच्या सुमारे ४० टक्के असतात. खोबरेल तेलाने ऊन अडते, असे सांगणारे संदेश फिरत असतात. भरवशाचे संरक्षण त्यातून मिळत नाही, तेलकट त्वचेची छिद्रे मात्र तुंबू शकतात.

वेळेचा हिशेबही गोव्यात थोडा वेगळा आहे. पणजीचे रेखांश सुमारे ७३.८ अंश, तर आपले घड्याळ (भारतीय प्रमाणवेळ) ८२.५ अंशांवर लावलेले. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, तर १२.३५ च्या सुमारास, ऋतूनुसार पंधरा मिनिटे मागेपुढे. बहुतेक शाळा सुटून मुले उन्हातून घरी जातात तीच ही वेळ, आणि दुपारचे तीन म्हणजे माध्यान्हानंतर जेमतेम अडीच तास. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो, आणि १० ऑगस्टच्या सुमारास पुन्हा येतो. श्रावणात ढग फुटून पडणारे ऊन म्हणूनच मेच्या उन्हाइतके तिखट असू शकते, आणि पातळ ढगांतून तर बहुतेक अतिनील किरण खाली येतातच. पाऊस सुरू झाला की ट्यूब कपाटात ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राकडे आमची एक विनंती आहे. कमाल-किमान तापमानाच्या शेजारी दिवसाचा अतिनील निर्देशांकही (यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) छापावा. तापमानावरून उन्हाची ही बाजू कळत नाही. ढगाळ, गार वाटणाऱ्या दिवशी निर्देशांक ८ च्या वर असू शकतो, आणि ३ पासूनच काळजी घ्यायची असते.

औषध दुकाने आणि ब्युटी स्टोअर चालवणाऱ्यांना दुसरी. सनस्क्रीन दर्शनी काचेच्या कपाटात, उन्हाच्या तोंडावर मांडू नये. तापलेल्या काचेमागे मिश्रण फुटते. ट्यूब दाबल्यावर आधी पाणी आणि मग घट्ट गोळा येऊ लागला तर आकडा कितीही छापलेला असो, लेप सारखा बसणार नाही. ग्राहकांनीही ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. विकत घेताना उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख पाहावी. आयात मालावर नोंदणी क्रमांक असतो. या तपशिलांवर किमतीचे लेबल चिकटवलेले असेल तर ते काढून दाखवायला सांगावे. आणि ज्या कंपन्यांकडून १० ग्रॅमच्या छोट्या ट्यूब मिळतात त्या दुकानदारांनी आवर्जून ठेवाव्यात. दहा ग्रॅममध्ये पूर्ण मात्रेने आठ वेळा लावून होते, त्वचेला झोंबते का आणि घामात टिकते का हे कळायला तेवढे पुरते.

आपले,
दोन फार्मासिस्ट वाचक, फोंडा