मालकांनी तुमच्या पेपरचं कात्रण आणलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या आत एका गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, परकर, फॉल, पिको, हेच. मागच्या आठवड्यात दुपारी गिऱ्हाईक कमी असताना आमचे मालक आले, चहा घेतला, मग खिशातून घडी केलेलं एक कात्रण काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, वहिनी, बघा जरा हे, मी नाही म्हणत, पेपर म्हणतोय. कात्रण तुमच्याच पेपरचं. शहरात दुकानांची भाडी वाढली, जागांना विक्रमी मागणी, मोठे ब्रँड मुंबईत, अशी ती बातमी, आणि खाली परत एकदा त्या बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) टेस्लाच्या शोरूमचा उल्लेख. आमचा करार संपत आलाय, त्यामुळे कात्रण कशासाठी हे मला ते उघडायच्या आधीच कळलं. ७५ हजारांचे ९० हजार करा म्हणतात.

म्हणून हे पत्र. तक्रार म्हणा हवं तर, पण मालकांची नाही, ते आमच्यापुरते भले आहेत, कोविडमध्ये तीन महिने निम्मंच भाडं घेतलं होतं, ते विसरणार नाही. तक्रार बातमीबद्दल आहे. कारण ती बातमी तुम्ही छापता मोठ्या लोकांसाठी आणि ती वापरली जाते आमच्यावर.

आधी जागा सांगते म्हणजे हिशोब कळेल. आमचं दुकान आतून मोजलं तर १६० चौरस फूट, वर एक पोटमाळा, त्यात वाकूनच उभं राहता येतं. करारात मात्र २७० फूट लिहिलंय. उरलेले ११० फूट कुठे आहेत हे मी एकदा विचारलं होतं तर एजंट म्हणाला, जिना, पॅसेज, भिंती, सगळं धरतात हो. जिन्यावर मी परकर लावू शकत नाही हे त्याला सांगून उपयोग नव्हता. तर भाडं ७५ हजार म्हणजे करारातल्या फुटांवर बघितलं तर २७८ रुपये फूट आणि मी जिथे खरोखर उभी राहते त्या फुटांवर ४६९ रुपये. एकच जागा, एकच भाडं, दोन दर. बातमीत जो दर असतो तो यातला कुठला, हे कधीच लिहिलेलं नसतं. तेवढं एक कार्पेट (आतून मोजलेलं) की बिल्टअप (जिना-भिंती धरून) लिहायला किती जागा लागते?

आता गंमत बघा. एप्रिल २०२३ मध्ये बीकेसीत ॲपलचं दुकान उघडलं, टिम कुक आला, त्याने वडापाव खाल्ला, तो फोटो आमच्या गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर फिरत होता. त्या दुकानाच्या नोंदणीचे कागद तेव्हा सगळ्या पेपरांत आले होते, सुमारे २० हजार ८०० चौरस फूट आणि कमीत कमी भाडं महिन्याला ४२ लाख. भागाकार मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर केला, फुटाला साधारण २०२ रुपये. म्हणजे अस्तर विकणारी मी, माझे आतले फूट धरले तर, फुटामागे ॲपलच्या दुपटीहून जास्त भाडं भरते, आणि करारातले धरले तरी जास्तच. कबूल आहे, मोठी जागा घेतली की दर कमी बसतो, घाऊक-किरकोळचा फरक आम्हाला कोणी शिकवायला नको. आणि टेस्लाचं वेगळं आहे, तिथे चारेक हजार फुटांना महिन्याला ३५ लाख २६ हजार, म्हणजे फुटाला ८८० च्या आसपास. पण मालक लोक नेमकी टेस्लाच लक्षात ठेवतात, ॲपलचं कात्रण कोणी आणत नाही.

खरी गोष्ट दराच्या पुढेच आहे, आणि ती तुमच्या बातमीत शेवटच्या ओळीत असते किंवा नसतेच. ॲपलचा करार अकरा वर्षांचा. वाढ किती? दर तीन वर्षांनी १५ टक्के. टेस्लाचा पाच वर्षांचा, वर्षाला ५ टक्के वाढ. माझा ३३ महिन्यांचा, आणि दर अकरा महिन्यांनी १० टक्के. या करारात ६२ हजारांपासून सुरू झालो, मग ६८ हजार २००, मग ७५ हजार वीस, ते वरचे वीस रुपये मालक सोडतात. आता ९० म्हणतात. म्हणजे तीन वर्षं पुरी व्हायच्या आत ६२ चे ९०, पंचेचाळीस टक्के. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला तीन वर्षांत पंधरा टक्के आणि मॅचिंगवालीला पंचेचाळीस. त्यांच्याकडे वकील आहेत, त्यांनी भांडून मुदत घेतली. आम्ही दर कमी करा म्हणून भांडत बसतो आणि मुदत विचारायचं राहूनच जातं, ही आमचीही चूक आहे, मी मान्य करते.

आणि हे अकरा महिन्यांचं भूत कुठून आलं हे मला आमच्या सीए मुलाने सांगितलं (मुलगा माझा नाही, शेजारच्यांचा, पण आमचे रिटर्न तोच भरतो). बाकी बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतला भाडेकरार असला तर नोंदणी लागत नाही म्हणून अकरा महिने. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, त्यात लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी, आमचा करार तोच) कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टर्ड असलंच पाहिजे, नाहीतर जबाबदारी मालकाची. म्हणजे आपल्याकडे अकरा महिन्यांनी काहीच वाचत नाही. स्टॅम्प ड्युटीही एकूण भाड्यावर पाव टक्का, साठ महिन्यांचा करार करा की अकराचा. तरी एजंटांच्या छापील फॉर्मात अकराच, तेहतीसचाही अकरा-अकराचाच तुकडा. एजंटाचं बरं आहे, प्रत्येक रिन्यूअलला त्याची दलाली.

तुम्ही म्हणाल मग हलवा दुकान, आत कुठेतरी स्वस्त घ्या, वरच्या मजल्यावर जा. मॅचिंगचं तसं नसतं हो. बाई साडी घेऊन येते, मी चार रुबिया (ब्लाऊजचं सुती कापड) काढते, ट्यूबलाइटमध्ये चारही एकसारखे दिसतात, मग आम्ही दोघी साडीचा पदर आणि कापड धरून दारात उजेडात जातो आणि तिथे कळतं की यातला एक जरा राणीकडे झुकतोय आणि एक मरूनकडे. आमचा सगळा धंदा त्या दारातल्या दोन फुटांवर आहे. मॉलमध्ये ऊन नाही, ऑनलाइन तर विचारूच नका, फोटोत वांगी रंग मागवला की जांभळा येतो. आणि गिऱ्हाईक साडी दादरला घेतं, टेलर दादरला, मग मॅचिंगही दादरलाच लागणार. तळमजला आणि रस्त्याचं तोंड हीच आमची गरज, आणि त्यालाच सगळ्यात जास्त भाव.

बरं, वाढीव १५ हजार कुठून काढायचे? एका फॉलमागे सुटतात दहा-बारा रुपये. म्हणजे महिन्याला तेराशे-चौदाशे फॉल जास्तीचे विकायचे, नुसती वाढ भागवायला. वरून जीएसटी. आमचे मालक जीएसटीत रजिस्टर्ड नाहीत, त्यामुळे १० ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी आम्हीच भरायचा, रिव्हर्स चार्ज, तोही रोख. ७५ हजारांवर साडेतेरा हजार. क्रेडिट मिळतं ना, म्हणजे भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता होतो ना, असं सगळे म्हणतात, मिळतं, पण आमच्या कापडावर जीएसटी ५ टक्के, खरेदी-विक्रीतला फरक एवढासाच, त्यात हे १८ टक्क्यांचं क्रेडिट जिरतच नाही, नुसतं लेजरमध्ये साठत बसतं, दर महिन्याला पाच-सहा हजार. त्याचा रिफंडही मिळत नाही. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरणाऱ्या छोट्या दुकानदारांना) जानेवारी २०२५ मध्ये यातून सूट मिळाली, आमच्या बुटिकवाल्या बायकांना पक्कं टॅक्सचं बिल लागतं म्हणून आम्ही कंपोझिशनमध्ये जाऊ शकत नाही. असो, हे रडगाणं सीतारामनबाईंना लिहायचं, तुम्हाला नाही.

मेट्रोचं मात्र तुम्हाला सांगते. मेट्रो ३ चं काम चालू असताना गोखले रोडला कितीतरी वर्षं पत्रे लागलेले, धूळ एवढी की पांढरं अस्तर बाहेर टांगायची सोय नव्हती, त्या वर्षांत दहा टक्के वाढ एकदाही चुकली नाही. मे २०२५ मध्ये दादरचं स्टेशन सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये गाडी पार कफ परेडपर्यंत गेली, आणि आता मालक म्हणतात मेट्रो आली की, भाव वाढणारच. पत्रे होते तेव्हा उतरला नाही, तर आता कसा चढतो? गिऱ्हाईक वाढलंय का, थोडं वाढलंय, खोटं नाही बोलणार, गिरगावच्या दोन-तीन जुन्या बायका आता थेट येतात. पण पंधरा हजारांच्या नाही येत.

आमच्या शेजारी चष्म्याचं दुकान आहे, पगडीचं, म्हणजे पूर्वी एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर कायमचं घेतलेलं, काका ऐंशीच्या पुढचे. त्यांचं भाडं काही शेकड्यांत, वर्षाला फार तर ४ टक्के वाढ, कायद्यानेच. एकाच भिंतीच्या अलीकडे आम्ही पाऊण लाख आणि पलीकडे ते एका चष्म्याच्या फ्रेमपेक्षा कमी. मला त्यांचा हेवा वाटायचा, आता नाही वाटत, कारण त्यांच्या मालकाने वीस वर्षं बिल्डिंगला हात लावलेला नाही आणि पावसाळ्यात काका काउंटरवर बादली ठेवतात. पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की काकांना नवीन बिल्डिंगमध्ये गाळा मिळेल. आम्ही लायसन्सवाले, आम्हाला नोटीस मिळेल. शिवाय दादरला नवीन टॉवर बघा, खाली पार्किंग आणि लॉबी, गाळे काढले तरी हजार-बाराशे फुटांचे, बँक किंवा सोनाराच्या मापाचे. १६० फुटांचा गाळा आता कोणी बांधतच नाही. तुमच्या बातमीत किती लाख फूट जागा भाड्याने गेली ते असतं, किती छोटे गाळे कायमचे गेले ते कोण मोजतं? हे आकडे ज्या प्रॉपर्टी कन्सल्टंट कंपन्यांकडून येतात त्यांचं काम मॉल आणि मोठ्या रस्त्यांवर, जागा लावून देणं हाच त्यांचा धंदा, त्यांच्या यादीत आमची गल्ली येणार कुठून. भाजीवाल्याला भाजी ताजी आहे का विचारावं तसंच आहे ते.

एवढंच मागणं आहे की पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा दर कार्पेटवर आहे की बिल्टअपवर ते लिहा, मॉलचा की रस्त्यावरचा ते लिहा, नुसतं मागितलेलं भाडं आहे की सही झालेलं ते लिहा, आणि मुदत आणि वाढ दराच्या शेजारीच छापा. रजिस्टर्ड करारांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा गोषवारा) बघायला मिळतात, तुमच्या एखाद्या वार्ताहराने महिनाभर नुसते दादर-पार्ल्याचे दोनशे फुटांखालचे गाळे काढून बघितले तर चांगली बातमी होईल, आकडे सगळेच खरे दाखवतात असं नाही, तरी अंदाज येईल.

मालकांना मी ॲपलचा हिशोब दाखवला. ते हसले, म्हणाले, वहिनी, तुम्ही ॲपल आहात का. मी म्हटलं, नाही, पण टेस्लाही नाही. सध्या ८० हजार, पाच वर्षं आणि वर्षाला ५ टक्के इथे मी अडलेय, ते ८५ आणि तीन वर्षांवर. रविवारी परत येणार आहेत. त्यांचं कात्रण माझ्या गल्ल्यात आहे, हे पत्र छापलंत तर त्याच्याच खाली ठेवीन.

आपली,
एक मॅचिंगवाली, दादर (पश्चिम)