दुखतो जबडा, रूट कॅनल दाढेचं

मा. संपादक,

परवाच्या आरोग्य पुरवणीतला दातांच्या काळजीवरचा लेख वाचला, छान होता, पण जबड्याच्या सांध्याबद्दल त्यात एक ओळ पण नाही. कानाच्या अगदी पुढे असतो तो, तिथं बोट ठेवून तोंड उघडलं की हलताना कळतो.

माझ्या नणंदेचा कान दुखायचा, जांभई दिली की कट्ट करून आवाज, सकाळी तर भाकरी चावायची म्हटलं तरी जिवावर यायचं. कानाचे डॉक्टर म्हणाले कान क्लिअर आहे, मग डेंटिस्टकडे गेलो तर त्यांनी खालच्या दाढेचं रूट कॅनल करून वर कॅपही बसवली आणि दुखणं जिथल्या तिथं. दुसरे म्हणाले चावा नीट बसत नाही, दात मशीननं थोडे घासून कमी करू. नशीब ती नाही म्हणाली, घासलेला दात काय परत वाढतो का! शेवटी एका मॅडमनी एक्सरे बाजूला ठेवून गालाचा स्नायू बोटानं दाबला आणि दाबल्याबरोबर त्याच कॅपवाल्या दाढेत कळ गेली, म्हणजे दुखत होता स्नायू, दाढ नव्हे. मग स्केल लावून तोंड किती उघडतं ते मोजलं, झोप कशी लागते, दिवसा दात आवळून बसता का, सगळं विचारलं. गरम शेक, मऊ जेवण, जबड्याचे व्यायाम, बस. आता बरी आहे, कट्ट अजून वाजतं पण दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला काही करायचं नसतं म्हणे.

आमच्या विदर्भात तोंड उघडत नाही म्हटलं की आधी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाता का विचारतात, त्यानं तोंड आखडतं म्हणून ते बरोबरच आहे, पण खर्रा न खाणाऱ्याचं पुढं काय? बीडीएसला, म्हणजे डेंटिस्टच्या पदवीला, हा जबड्याच्या सांध्याचा विषय असतो, पण थोडा ओरल मेडिसिनमध्ये, थोडा सर्जरीत, थोडा कवळ्यांच्या विभागात, आणि पुढच्या एमडीएसला (पदव्युत्तर) त्याची वेगळी ब्रांच नाही. अमेरिकेत २०२० मध्ये चेहरा-जबड्याच्या दुखण्याला दंतवैद्यकातली स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी गाइडलाइन आली, त्यात भर व्यायाम, स्नायूंवरची मॅन्युअल थेरपी आणि समुपदेशनावर आहे, नेहमीच्या नाइट गार्डलासुद्धा (रात्री दातांवर घालायचं कव्हर) त्यांनी फारसा पाठिंबा दिलेला नाही. आपल्याकडे मात्र पहिल्याच व्हिजिटला मापं घेऊन गार्ड हातात.

सगळा दोष डॉक्टरांचाही नाही म्हणा, रूट कॅनलचा रेट ठरलेला असतो, अर्धा तास बसून पेशंटचं ऐकून घेण्याचे पैसे कोण देतं? तरी इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाला हे स्नायू आणि सांधा स्वतःच्या हातानं तपासायला लावा, त्याला काही महागडं मशीन लागत नाही. आणि दात घासून कमी करणं, काढणं, ब्रेसेस, असलं मागे न फिरवता येणारं काही करायच्या आधी सांधा तपासल्याची नोंद पेशंटच्या कागदावर हवी.

पुरवणीच्या पुढच्या अंकात या विषयावर एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्या ही विनंती.

एक वाचक, अमरावती