पूररेषेपासून विद्यार्थी परिषदेपर्यंत

महोदय,

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा मी बारावीत होते. पुढे महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले ते, खरे सांगायचे तर, सवलतीच्या गुणांसाठी. बाजारपेठेतील भिंतींवर उरलेल्या चिखलाच्या खुणा आम्ही टेपने मोजल्या, 2005 च्या पुराचे पाणी कुठवर आले होते हे दुकानदारांनी बोट ठेवून दाखवले, आणि त्या नोंदी वहीत उतरवता उतरवता गटाचे प्रमुखपद माझ्याकडे आले. अर्ज लिहायला आणि कचेरीत न बिचकता प्रश्न विचारायला मी याच कामात शिकले.

मात्र योजनेचे दोन वर्षांतले 240 तास अनेकदा वृक्षारोपणाच्या छायाचित्रांवरच भागवले जातात (रोपाला पुढे पाणी कोण घालते, हा प्रश्न वेगळाच). महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 मध्ये विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद असूनही आमच्या वाट्याला ती आली नाही; नामनिर्देशित प्रतिनिधीने नदीतील गाळाविषयी ठराव मांडायचा तो कोणाच्या बळावर? विद्यापीठांनी या तासांत नदीच्या नोंदींचे काम धरावे आणि निवडणुका घ्याव्यात, ही विनंती.

– एक विद्यार्थिनी, चिपळूण