पीएच.डी. म्हणजे दवाखाना नव्हे

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझ्या मानसशास्त्रातल्या पीएच.डी.बद्दल आपण तिघंही एकदम बोलत होतो, त्यामुळे एकाही प्रश्नाचं धड उत्तर झालं नाही. म्हणून बसून लिहितेय.

आई, आधी तुझं. नोकरी सोडत नाहीये. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. अर्धवेळ करता येते, फक्त कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र 'आमची हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं चालत नाही. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप बघता संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळं करू. घोडं अडतं ते तिसऱ्या वाक्यावर. एचआरला वाटतं, ही आता वर्षभराची रजा मागणार. कोर्सवर्क असतं 12 ते 16 क्रेडिटचं, तेही सुरुवातीच्या एक-दोन सत्रांत. हे त्यांना आधी समजावून मग मसुदा आपणच लिहून नेलेला बरा.

बाबा, तुमच्या मित्रांना सांगून ठेवू नका की मुलगी दवाखाना उघडणार. मानसशास्त्रातली पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून रुग्ण तपासायचे तर आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, हिची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. ते पूर्णवेळ असतं, त्यात रुग्णालयातलं काम असतं. नुसत्या पीएच.डी.ने ते दार उघडत नाही. चाळिशीनंतर या विषयाकडे वळणारे पुष्कळ जण नेमके इथेच फसतात. मनात असतं समुपदेशन आणि अर्ज भरतात पीएच.डी.चा. मग तिसऱ्या वर्षी लक्षात येतं की आपण माणसांशी कमी आणि आकडेवारीशी जास्त बोलतोय. मला ती आकडेवारीच हवी आहे, म्हणून हा रस्ता.

वयाची अट प्रवेशाला नाही. ती आहे जेआरएफ या शिष्यवृत्तीला: 30 वर्षं, बायकांना 5 वर्षांची सूट. म्हणजे ती गाडी केव्हाच गेली, आणि शिष्यवृत्ती न धरताच खर्चाचा हिशेब केलाय. किती वर्षं लागतील? कमीत कमी 3, जास्तीत जास्त 6. पुनर्नोंदणी करून आणखी 2 मिळतात, आणि बायकांना त्यावर 2 वर्षांची सवलत आहे. आई, 10 वर्षांचा आकडा ऐकून घाबरू नकोस, ती शेवटची मुदत आहे, बेत नव्हे.

पात्रतेला एम.ए.ला 55 टक्के हवेत, ते आहेत. मी दूरस्थ पद्धतीने एम.ए. केलं तेव्हा बाबा म्हणाले होते, पोस्टाने कुठे मानसशास्त्र शिकतात का. आता यूजीसीही तेच म्हणते. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत. त्याआधीच्या पदव्यांना धक्का नाही. पण आता कोणी नोकरी करताना एम.ए. करून मग पीएच.डी. असा विचार करत असेल, तर त्याला वर्गात बसावंच लागेल.

परीक्षा म्हणजे नेट, राष्ट्रीय पात्रता परीक्षा. वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, 50 प्रश्न, 100 गुण. दुसरा मानसशास्त्राचा, 100 प्रश्न, 200 गुण. दोन्ही मिळून सलग 3 तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्न इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाहीत. अभ्यासक्रमाचे 10 भाग. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांचा घाम काढतो तो चौथा, मेंदू, चेतापेशी, हार्मोन्स वगैरे. बाबा, पहिल्या भागात मात्र भगवद्गीता आहे, बौद्ध विचार आणि सूफी मतही आहे. तेवढ्यापुरती तुमची शिकवणी लावते.

2024 पासून नेटमध्ये 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' असा वेगळा गट आहे. प्रवेश देताना नेटच्या गुणांना 70 टक्के वजन आणि मुलाखतीला 30. यातली मेख अशी की या गटातले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. निकाल लागला आणि विद्यापीठाची जाहिरात लांबली, की पुन्हा परीक्षा. म्हणून जी विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, घेतात तिथेही अर्ज टाकून ठेवायचा. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असतात, आणि नोकरदार मंडळी नेमकी तिथेच पडतात, कारण विषय वाचलेला असतो पण संख्याशास्त्र सुटून पंधरा वर्षं झालेली असतात.

हे सगळं झालं तरी प्रवेश मिळतोच असं नाही, कारण खरी अडचण गाईडची, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाची. एका वेळी प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 इतकेच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणून मी गाईडची यादी करताना आधी त्यांचं वय बघते. उद्धटपणा वाटेल, पण नाव मोठं आणि जागा शून्य असं फार ठिकाणी असतं. दुसरं म्हणजे शोधगंगा या संकेतस्थळावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात. त्यातले अलीकडचे दोन काढायचे, निष्कर्ष नाही वाचले तरी चालेल, पद्धतीचं प्रकरण वाचायचं. त्यावरून कळतं की गाईड प्रश्नावल्यांवर काम करतात, प्रयोगांवर की मुलाखतींवर. मगच पत्र पाठवायचं, एका पानाचं: प्रश्न काय, नमुना कोणाचा (म्हणजे कोणत्या माणसांचा अभ्यास करणार), मापन कशाने, आणि त्यांच्याच कामाशी याचा धागा कुठे जुळतो. 'मला लहानपणापासून माणसांच्या मनाचं कुतूहल आहे' असल्या वाक्याला उत्तर येत नाही. स्वतःच्या दुःखाची कहाणी लिहिली तर त्याहून वाईट.

आता विषय. 'आयटी कर्मचाऱ्यांमधील ताण' हा विषय नव्हे, ते ग्रंथालयातलं कपाट आहे. विषयात कोण, काय, कशाशी तुलना, हे हवं. उदाहरणार्थ, रात्रपाळी आणि दिवसपाळी करणाऱ्यांच्या झोपेच्या गुणवत्तेतला फरक. असा दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक, 5 टक्के सार्थकता पातळी ठेवून (म्हणजे फरक नसताना तो आहे असं म्हणण्याचा धोका 5 टक्के), 80 टक्के खात्रीने पकडायचा तर दर गटात 64 माणसं लागतात. 'नमुना 100' असं उगाच गोल लिहिलं की मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो, 100 कुठून आणले?

प्रश्नावली इंग्रजी असेल तर मूळ कर्त्याची लेखी परवानगी घ्यायची. एकाने मराठीत भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करायचं, दोन्ही ताडून बघायची, आणि छोट्या गटावर चाचणी घेऊन विश्वसनीयता काढायची. अल्फा, म्हणजे या विश्वसनीयतेचा आकडा, 0.70 च्या खाली आला तर सहसा वाक्यं पुन्हा तपासावी लागतात. 'आय फील ब्लू'चं (म्हणजे 'मला उदास वाटतं'चं) 'मला निळं वाटतं' झालेलं या उलट भाषांतरात लगेच सापडतं. या कामाला महिने जातात आणि आराखड्यात त्याला जागा ठेवायला बहुतेक जण विसरतात.

बाबा म्हणाले, तुझ्याच ऑफिसातली माणसं घे, आयतीच आहेत. तीच तर पंचाईत. हाताखालच्या माणसाला मी प्रश्नावली दिली, तर तो नाही म्हणू शकत नाही, आणि भरली तरी खरं लिहीत नाही. नैतिकता समिती असा प्रस्ताव परत पाठवते. नमुना दुसऱ्या कंपनीतून घ्यायचा, संमतीपत्रासह, नावं न घेता.

आता तुमचं काम. लोखंडी कपाटातल्या हिरव्या फाइलमध्ये दहावीपासूनची प्रमाणपत्रं आहेत. त्यातलं दहावीचं प्रमाणपत्र, बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी काढून ठेवा. ती माहेरच्या नावाची आहेत आणि आधार सासरच्या, म्हणून विवाह नोंदणीचा दाखलाही लागेल. राजपत्रात नाव बदलल्याची प्रत तुमच्याकडे आहे की इथे, तेवढं बघून सांगा. स्थलांतर प्रमाणपत्र शेवटच्या विद्यापीठाचं लागतं, ते मी इथून मागवते.

आणि बाबा, कृपा करून काहीही लॅमिनेट करून आणू नका. मागे शिक्का मारायचा असला की वांधे होतात. कुरियरही नको, दिवाळीला मीच येऊन घेऊन जाईन.

तुमची,
मनू